जांभळ्या झाडाची हिरवी मुले

बीच या वृक्षाशी आपल्यापैकी बहुतेकांची ओळख नसते. समुद्रकिनाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण 'लेकीच्या घरामागे मोठा बीच आहे' असे मी फोनवर सांगितले तेव्हा सांगलीच्या माझ्या जाऊबाईंनी 'मग रोज फिरायला जाता का वाळूत?' असे विचारले होते.

युरोपच्या थंड प्रदेशातला हा वृक्ष ओकच्या कुळातला. त्याची साल हत्तीच्या कातडीसारखी राखाडी, परंतु गुळगुळीत. पुष्कळ वय झाले तरी तिला फारशा भेगा पडत नाहीत. उंची सहज ३० मीटर, म्हणजे जवळजवळ दहा मजली इमारतीएवढी. त्याला हिवाळ्याची दीर्घ, खरी थंडी लागते आणि ती आपल्या महाबळेश्वरलाही मिळत नाही. त्यामुळे हा लेख वाचून कोणी रोप मागवू नये. त्याचे लाकूड मात्र आपल्याकडे फार पूर्वी येऊन गेले आहे. मुंबईत फोर्ट भागातील शाखेत असताना ज्या इराणी हॉटेलात आम्ही दुपारचा चहा घेत असू, तिथल्या गोल पाठीच्या, लाकूड वाकवून केलेल्या खुर्च्या आठवा. त्या घाटाचा जनक मायकेल थोनेट. बीचचे लाकूड वाफेने मऊ करून वाकवण्याची कला त्याने साधली आणि १८५९ मधली त्याची १४ क्रमांकाची खुर्ची जगभर गेली.

सामान्य बीच हिरवाच असतो. क्वचित एखादे झाड निसर्गतःच जांभळ्या पानांचे निपजते. एप्रिलअखेर पालवी फुटते ती गुलाबीसर तांबूस, कडेला रेशमासारखी बारीक लव असलेली. जूनमध्ये तिचा रंग वांग्याच्या सालीसारखा होतो, ऑगस्टमध्ये त्यात काळपट हिरवी झाक येते आणि शरदात सारे झाड घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखे दिसते. इंग्रज त्याला 'कॉपर बीच' म्हणतात. जर्मन भाषेत त्याचे नाव 'रक्तबीच' अशा अर्थाचे आहे, आणि त्यामागे एक कथा आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिकजवळच्या बुख आम इर्शेल या गावी पाच भाऊ आपसात भांडून मेले आणि जिथे त्यांचे रक्त सांडले तिथे लाल पानांचे बीच उगवले, असे तिकडचे लोक सांगत आले. तिथल्या लाल बीचची नोंद १६८० मधल्या एका ग्रंथात आहे. आज बागांमधून दिसणाऱ्या बहुतेक जांभळ्या बीचचे मूळ मात्र जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात, झोंडर्सहाउझेन गावाजवळच्या जंगलात सापडलेल्या एका झाडात आहे, असे मानतात.

भावाभावांच्या रक्ताची कथा आमच्या घरी कोणालाच रुचली नाही. खरे कारण साधे आहे. पानाच्या वरच्या थरात अँथोसायनिन नावाचे रंगद्रव्य साठते. जांभळाला आणि लाल कोबीला रंग देणारे हेच. आपल्या आंब्याची कोवळी पालवी तांबूस दिसते किंवा चैत्राच्या सुमारास सह्याद्रीतला कुसुंब पेटल्यासारखा लाल होतो, तीही याचीच करामत. आंबा आणि कुसुंब मोठे होता होता हा रंग टाकून देतात. जांभळा बीच तो उन्हाळाभर अंगावर बाळगतो. मात्र खाली हरितद्रव्य असतेच, नाहीतर झाड जगणार कसे? म्हणूनच सावलीत वाढणारी पाने पुष्कळ हिरवट राहतात आणि रंग हवा असेल तर हे झाड उघड्या उन्हात लावावे लागते.

माझे यजमान अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी खात नाहीत. नातीने, तेव्हा ती आठ वर्षांची होती, त्यांना अगदी गंभीरपणे विचारले, ''आजोबा, हे पान जांभळं आहे, मग हे चालेल?'' त्यांनी उत्तर न देता तिला एक गळलेले पान गरम पाण्यात टाकायला लावले. पाण्याला तांबूस छटा आली आणि पान शेवाळी हिरवे पडले. ''बघ, आतून हिरवंच,'' ते म्हणाले. बीचची पाने आमच्या घरी कोणी खात नाही, हा मुद्दा दोघांनाही महत्त्वाचा वाटला नाही.

लेक इंग्लंडला गेली ती २००७ मध्ये, दोन वर्षांच्या कामासाठी. बँकेत ज्यांनी ठेवींच्या विभागात काम केले आहे त्यांना 'आपोआप नूतनीकरण' ही सूचना माहीत असेल. मुदत संपते, ठेवीदार येत नाही आणि ठेव आपोआप पुढच्या मुदतीसाठी जाते. लेकीच्या परतण्याचे तसेच झाले. दोन वर्षांची पाच झाली, मग नात झाली, मग शाळा आली. आम्ही विश्रामबागेत तिच्या नावाने एक फ्लॅट घेऊन ठेवला होता. दर दिवाळीला तो उघडून, झाडून, पुन्हा कुलूप लावत असू. या विषयावर आमच्यात वाद कधी झाला नाही. बोलणेच झाले नाही, असे म्हणणे अधिक अचूक होईल.

हर्टफर्डशायरमधील एका लहान गावात त्यांनी घर घेतले ते या झाडामुळे. पूर्वी तिथे एक मोठा बंगला होता. त्याची जमीन तुकडे करून विकली गेली आणि बंगल्याच्या बागेतला जांभळा बीच यांच्या वाट्याला आला. त्यावर कौन्सिलचा संरक्षण-आदेश होता. म्हणजे झाड मालकाचे, पण त्याची फांदीदेखील परवानगीशिवाय तोडायची नाही. तारण ठेवलेल्या मालमत्तेसारखाच हा प्रकार. झाडाखाली गवतही धड उगवत नसे, इतकी दाट सावली. बीचची मुळे उथळ पसरतात, वरचे पाणी तीच पिऊन टाकतात. त्यामुळे त्याच्या पायाशी बाग फुलवण्याची हौस धरू नये. लेकीने तिथे एक बाक ठेवला होता, एवढेच.

२०२२ च्या सप्टेंबरात आम्ही दोघे गेलो तेव्हा झाडाच्या शेंड्याकडची पाने विरळ वाटली. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पारा प्रथमच ४० अंशांच्या वर गेला होता आणि उथळ मुळांच्या बीचला असा कोरडा उन्हाळा सोसत नाही, म्हणून आम्ही त्यालाच कारण समजलो. मग ऑक्टोबरात बुंध्याभोवती तपकिरी रंगाची, पंख्यासारखी, एकावर एक रचलेली मोठमोठी अळंबी उगवली. तपासायला आलेल्या वृक्षतज्ज्ञाने ती पाहिली मात्र, त्याचा चेहरा डॉक्टर रिपोर्ट वाचताना होतो तसा झाला. या बुरशीला तिकडे 'जायंट पॉलीपोर' म्हणतात. ती खोडाला नव्हे, मुळांना आतून खाते. वरचा भाग धडधाकट दिसत असतानाच झाड वाऱ्यात मुळासकट कोसळू शकते. एका बाजूला शेजाऱ्यांची छोटी मुले खेळत, दुसऱ्या बाजूला शाळेची पायवाट.

अर्ज गेला. अशा अर्जाच्या निर्णयाला तिकडे आठ आठवडे देतात. परवानगी आली ती एका अटीसह: पुढच्या लागवडीच्या हंगामात त्याच जागी त्याच जातीचे, अमुक उंचीचे झाड लावावे. मी कर्जमंजुरीची हजारो पत्रे लिहिली आहेत. इतकी मुद्देसूद अट क्वचितच वाचली असेल.

झाड जानेवारीत उतरवले. ढोलीत वटवाघळे नाहीत याची आधी खात्री केली गेली आणि पक्ष्यांच्या विणीचा काळ तर दूर होता. तरी ती सकाळ कठीण गेली. श्रावकाने करू नयेत अशा पंधरा व्यवसायांत वनकर्म येते, हे लहानपणी पाठ केलेले. इथे व्यवसाय नव्हता, निरुपाय होता. पण करवतीचा आवाज दोन्हीत फरक करत नाही. यजमानांनी त्या दिवशी एकाशन केले. कोणाला सांगितले नाही; दुपारी चहाला नाही म्हणाले तेव्हा मला कळले. नातीने बुंध्यावरची वलये टाचणी लावून लावून मोजली. १३१ भरली. जाड ओंडक्यांतले चार बागेच्या कोपऱ्यात तसेच ठेवले आहेत, किड्यामुंग्यांसाठी. जावयांनी ते विकायचे म्हटले होते, पण यजमानांनी एवढे एक मागून घेतले.

आता बियांविषयी. बीचची फळे म्हणजे चार पाकळ्यांनी उघडणारे, मऊ काट्यांचे कवच आणि त्यात तिकोनी, तपकिरी, चकचकीत बिया. झाड चाळीस-पन्नास वर्षांचे झाल्याशिवाय ती नीट धरत नाहीत आणि दर वर्षीही नाहीत. एखाद्या वर्षी एकदम सडा पडतो. त्या शरदात नातीने खिसे भरून बिया गोळा केल्या होत्या. झाड जाणार हे कळल्यावर तिने त्या ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ठेवल्या, कारण तीन महिन्यांची थंडी मिळाल्याशिवाय त्या रुजत नाहीत. लोणच्याच्या बरणीशेजारी वाळूची बरणी पाहून मी दोनदा दचकले. पुष्कळ बिया पोकळ निघाल्या. मार्चमध्ये कुंड्यांत पेरलेल्यांपैकी नऊ रुजल्या. आम्ही तोवर सांगलीला परतलो होतो. फोनच्या पडद्यावर रोज कुंड्यांची हजेरी होई. आधी दोन जाड, पंख्याच्या आकाराची बीजपत्रे, मग मधून खरी पाने. आणि मग नातीचा रडवेला आवाज: ''आजी, फक्त तीनच जांभळी आहेत! दोन मधल्याच रंगाची, आणि चार एकदम हिरवी.''

मला आश्चर्य वाटले नाही. नोकरीची चार वर्षे मी देवगड तालुक्यात काढली. हापूसच्या बागांसाठी कर्ज देताना पहिला प्रश्न हाच असे, झाडे कलमी की रायवळ? हापूसची कोय पेरली तर आंबा येतो, पण हापूस येईलच असे नाही. फूल त्या झाडाचे असले तरी पराग कुठल्या झाडावरून आला कोण जाणे. जांभळ्या बीचलाही आसपासच्या हिरव्या बीचचे पराग वाऱ्याने येऊन मिळतात. म्हणून नक्की तोच रंग हवा असेल तर कलमच करावे लागते: हिरव्या बीचच्या खुंटावर जांभळ्याची काडी. लेकीच्या घरापासून फार दूर नसलेल्या सॉब्रिजवर्थ गावी रिव्हर्स घराण्याची जुनी रोपवाटिका होती. तिथून एकोणिसाव्या शतकात प्रसार पावलेली 'रिव्हर्सिआय' ही काळपट जांभळी जात आजही कलमांनीच वाढवतात. म्हणजे जगातले प्रत्येक रिव्हर्सिआय एका अर्थी एकच झाड आहे. हापूसचे तसेच.

हे सारे मी नातीला समजावले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ''म्हणजे हिरवी पण त्याचीच मुलं आहेत ना?'' तिचे मराठी असेच आहे. 'ळ' नीट येत नाही, 'मला आवडते' ऐवजी 'मी आवडते' म्हणते. पण मुद्दा चुकत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही पुन्हा गेलो, कारण लागवडीचा हंगाम जवळ आला होता. बीच लावायचा तो पाने झोपी गेल्यावर, नोव्हेंबर ते मार्च या काळात. रविवारी जेवणे झाल्यावर विषय निघाला. जावयांचे म्हणणे व्यवहाराचे होते. कौन्सिलला विनंती करून अट बदलून घ्यावी, बीचऐवजी एखादी लहान चेरी लावावी. ''उद्या घर विकायचं झालं तर संरक्षित मोठं झाड अडचणीचं होतं,'' ते म्हणाले. ''उद्या'' म्हणजे काय, हे टेबलाभोवतीच्या चौघांनाही समजले. लेक ताटे उचलत होती. ती म्हणाली, ''नको. बीचच लावू या. विकायचं नाहीये.'' आणि नळ सोडला.

सोळा वर्षांत न झालेले बोलणे अशा रीतीने झाले. मी बँकेच्या सवयीने मनात आकडा मांडत होते. हापूसच्या कलमाला पाच-सहा वर्षांनी उत्पन्न सुरू होते, म्हणून आम्ही तेवढी वर्षे हप्ते मागत नसू. बीच लावल्यापासून त्याखाली बाक ठेवण्याजोगी सावली पडायला तीस-चाळीस वर्षे, बिया धरायला त्याहून अधिक. एवढ्या सवलतीचा प्रस्ताव कुठलाही व्यवस्थापक पुढे पाठवणार नाही. तो मांडणारी व्यक्ती त्या जागेवरून कुठेही जाणार नाही, एवढे मात्र त्यात लिहिलेले असते. यजमान उठून स्वाध्यायाचे पुस्तक घेऊन वरच्या खोलीत गेले. मी त्यांच्यामागे गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आले आणि जावयांना म्हणाले, ''खड्डा कुठं घ्यायचा?''

जुन्या जागी लगोलग त्याच कुळाचे झाड लावणे बुरशीच्या दृष्टीने बरे नव्हे, असे वृक्षतज्ज्ञाचे मत पडले. कौन्सिलच्या संमतीने जागा सहा मीटर पुढे सरकली. खड्डा खोल नको, रुंद हवा. बीच खोल गाडला तर गुदमरतो. पाणी साचणारी जमीन त्याला मुळीच चालत नाही. इथे खाली खडूची जमीन आहे आणि ती त्याच्या आवडीची. कलमाचा सांधा मातीच्या वर राहील असे पाहिले. काठी आखूड लावली, म्हणजे वाऱ्यात डोलून खोडाला बळ येते. भोवती पालापाचोळ्याचे आच्छादन केले, पण खोडाला टेकू दिले नाही. खालच्या खुंटाला हिरवे फुटवे आले तर वेळीच काढायचे, हे मी देवगडच्या अनुभवावरून बजावले. पहिले दोन उन्हाळे पाण्याची काळजी घ्यायची, हे तज्ज्ञाने. माती लोटण्यापूर्वी यजमानांनी खड्ड्यातली दोन गांडुळे हाताने उचलून बाजूच्या वाफ्यात सोडली. नवे रिव्हर्सिआय अडीच मीटर उंच होते आणि त्याच्या अंगावर वाळलेली तांबूस पाने तशीच टिकून होती. लहान बीच हिवाळाभर जुनी पाने सोडत नाही. नवी फुटली की मगच ती गळतात.

अट पुरी झाली, पण नातीच्या नऊ कुंड्या उरल्या. बागेत दुसऱ्या मोठ्या बीचला जागा नव्हती. जावई म्हणाले, तीन जांभळी ठेवू, बाकीची कोणाला देऊन टाकू. नात काही बोलली नाही. तिने सगळ्या कुंड्या उचलून आपल्या खिडकीखाली नेल्या आणि रंग न पाहता त्यांची रांग लावली. त्या रांगेवरूनच लेकीला सुचले की बीचचे कुंपणही करतात. स्कॉटलंडमध्ये मीक्लूर येथे १७४५ मध्ये लावलेले बीचचे कुंपण आज जवळजवळ ३० मीटर उंच आहे. तेवढा हट्ट अर्थातच आम्ही धरला नाही. हिरवी आणि जांभळी रोपे मिसळून लावलेली कुंपणे मी त्या गावात फिरताना पाहिली होती. जवळून ठिपके दिसतात, दुरून छापील लुगड्यासारखा एकच पोत. रोपे दोन वर्षांची झाल्यावर, २०२५ च्या फेब्रुवारीत, मागच्या सीमेवर दीड-दीड फुटांवर नऊही लावली. त्या वेळी आम्ही तिथे नव्हतो. यजमानांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला आहे.

विश्रामबागेतला फ्लॅट आम्ही भाड्याने दिला. एक तरुण शिक्षक जोडपे राहते. दिवाळीची ती झाडलोट आता त्यांच्याकडे गेली.

यंदा पालवी फुटल्यावर नातीने पट्टी लावून मोजमाप पाठवले. सर्वांत उंच हिरव्यांपैकी एक, ७२ सेंटिमीटर. जांभळी सावकाश वाढतात. मधल्या रंगाची दोन कोवळेपणी तांबूस असतात, जुलैपर्यंत हिरवी होतात. मोठे कलम अजून रुळते आहे, यंदा वीतभरच वाढले. पुढच्या वर्षी कुंपणाची पहिली छाटणी करावी लागेल. ती ऑगस्टात करतात. पर्युषणापूर्वी उरकावी असे आजोबांचे म्हणणे, आणि उशिराच्या पिलांची घरटी रिकामी झाल्याची खात्री करून नंतर करावी असे नातीचे. फोनवर सध्या तीच चर्चा चालू आहे.